चांगुणा मयत, सुमन हजर

सही करून मी पेन खाली ठेवलं. वकिलाने कागद आपल्याकडे ओढला, वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"आजी, हे काय लिहिलंत?"

"सही केली ना."

"कोणाची?"

मी वाकून पाहिलं. स्टॅम्प पेपरच्या तळाशी, जिथे 'सुमन' लिहायचं होतं, तिथे शाळेतल्या पाटीवर काढावं तसं गोल, सुटं, ठळक 'चांगुणा' लिहिलेलं होतं. अक्षर माझंच. नावही माझंच. पण ते तिथे नको होतं.

वकिलाने कपाळाला हात लावला. "पहिल्या दिवसापासून मी काय ओरडतोय? तुम्ही सुमन आहात! सुमन! सगळं झालं, साक्षीदार आले, आणि शेवटच्या कागदावर तुम्ही ही सही करता?"

शहापूरच्या कचेरीसमोरची ती पत्र्याची खोली. बाकावर माझी भावजय काशीवहिनी बसली होती, तिला मी मुरबाडकडून आणली होती. तिच्या शेजारी माझा दीर बाळाराम. त्याला हवं तेवढंच ऐकू येतं. बाहेर कागदावर पुढचे शिक्के करून आणणारा एजंट घड्याळ बघत उभा होता, कारण कागद त्याच दिवशी मुंबईला पोचायला हवा होता. दुसऱ्या दिवसापासून कचेऱ्यांना सुट्ट्या. आणि तिकडे कुवेतमध्ये माझा मुलगा खाटेवर पडून होता. माझ्या सहीचा कागद पोचल्याशिवाय त्याला कोणी हलवणार नव्हतं.

आमच्या भागातली पुष्कळ पोरं आता बाहेर देशी कामाला जातात. काही बरंवाईट झालं तर त्यांच्या आयांना कुठे कुठे फिरावं लागतं, ते कोणी सांगत नाही. मी फिरून आले आहे. म्हणून लिहिते.

किन्हवली

आमचं घर किन्हवलीपासून थोडं आत आहे. भरत माझा एकुलता मुलगा, कुवेतमध्ये क्रेन चालवायचा. त्याचा बाप कधीच वारला. लग्न झालं होतं, टिकलं नाही, कागदावर फारकत झाली. म्हणजे त्याचं म्हणावं असं माणूस मी एकटी.

भाताची झोडणी संपली होती तेव्हा फोन आला. जोसेफ नावाचा माणूस, भरतच्या खोलीत राहणारा, केरळचा. तो हिंदीत बोलला. भरत क्रेनवरून पडला होता. एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता आणि डोक्याला मार होता. जीव वाचला, पण तो कोणाशी बोलत नव्हता, खात नव्हता, आणि सही करायला सांगितली तर पेन हातात धरून नुसता बसत होता.

"अम्मा, इधर रहेगा तो नहीं बचेगा," जोसेफ म्हणाला. "घर लेके जाना पड़ेगा. मैं छुट्टी पे इंडिया जा रहा हूँ, साथ में लाऊँगा. लेकिन आपका पेपर चाहिए."

पेपर म्हणजे मुखत्यारपत्र. मी, भरतची आई, लिहून देते की माझ्या मुलाला ताब्यात घ्यायचा, त्याचा पासपोर्ट घ्यायचा आणि त्याला विमानात बसवायचा अधिकार या जोसेफला आहे. ज्याचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं त्याच्या हवाली मुलगा करायचा होता. त्याला माझी ना नव्हती. त्या दिवसांत भरतच्या तोंडात पेज घालणारा तो एकटाच होता.

जोसेफचं विमान ठरलेलं होतं. त्याच्या आत कागद पोचला तर भरत येणार. नाही पोचला तर जोसेफ एकटाच जाणार आणि भरत तिथेच राहणार. हिशेब एवढा सरळ होता. सरळ नव्हती ती बाकीची माणसं.

शहापूर

शहापूरला नोटरीकडे गेले ती बाळारामला घेऊन. वकील वाईट माणूस नाही. फक्त प्रत्येक वाक्य दोनदा बोलतो आणि दुसऱ्यांदा ओरडतो. त्याने रस्ता सांगितला. आधी त्याचा शिक्का, मग मंत्रालयाचा, मग परराष्ट्र खात्याचा, मग कुवेतच्या वकिलातीचा. मग तो कागद कुवेतमध्ये खरा.

"आणि मी आई हाय हे खरं नाय?" मी विचारलं.

"ते सिद्ध करायचं," तो म्हणाला.

त्याने भरतच्या पासपोर्टची झेरॉक्स बघितली. मागच्या पानावर आईचं नाव चांगुणा. माझं आधार बघितलं. सुमन. मग रेशनकार्ड उघडलं. त्यात चांगुणा होती, पण तिच्यावर आडवी रेघ आणि पुढे 'मयत'.

"आजी," तो सावकाश म्हणाला, "या मुलाची आई तर मेलीय."

"ती माझी सासू."

"सासू? मग पासपोर्टवर सासू कशी?"

"पासपोर्टवर मी हाय."

"तुम्ही सुमन आहात ना?"

"आता हाय."

त्याने टायपिंगवाल्या बाईकडे बघितलं. तिने पंख्याकडे बघितलं.

झालं होतं असं. माझं माहेर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाजवळ. आईबापाने नाव ठेवलं चांगुणा. लग्न करून किन्हवलीकडे आले तर सासूचंही नाव चांगुणा. एका घरात दोन चांगुणा कशा चालणार? नवरा बायकोला स्वतःच्या आईच्या नावाने हाक कशी मारणार? म्हणून ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवीन नाव लिहिलं, सुमन. त्या दिवसापासून मी सुमन. आमच्याकडे तेव्हा हे सर्रास चालायचं, सासू त्या नावाची नसली तरी चालायचं.

पण पहिलं बाळंतपण माहेरी. भरत माहेरी झाला. जन्माची नोंद करायला माझा बाप गेला. बापाच्या तोंडात लेकीचं नाव चांगुणाच बसलेलं, तो दुसरं काय सांगणार? पुढे भरतचा पासपोर्ट काढताना एजंटाने जन्माचा दाखला बघून तेच नाव उतरवलं. कोणी लक्ष दिलं नाही. भरत जाऊन काम करून पैसे पाठवत होता तोवर त्याची आई कोणती, याची कुवेतला चौकशी नव्हती.

वकील म्हणाला, दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करावं लागेल, आणि तसं सांगणारा साक्षीदार लागेल. त्याने बाळारामला विचारलं, "तुमच्या वहिनीचं लग्नाआधीचं नाव काय?"

"आँ?"

"लग्नाआधीचं नाव!"

"मला काय म्हाईत? आमच्याकडं आली तवा सुमन होती."

खरंच होतं. सासरच्यांना सुमन माहीत, माहेरच्यांना चांगुणा. दोन्ही पाहिलेलं माणूस हवं होतं. असं एकच माणूस उरलं होतं. लग्नात नवरीबरोबर सासरी एक बाई जाते, पाठराखीण. माझ्याबरोबर काशीवहिनी आली होती, माझ्या मोठ्या भावाची बायको. तांदळाचं ताट तिनेच धरलं होतं.

म्हसा

भाऊ गेल्यापासून मी माहेरी गेले नव्हते. आता गेले तर दाराला कुलूप. शेजारीण ओट्यावर वाल सोलत होती. म्हणाली, "काशी जत्रेला गेली, घोंगडी घ्यायला."

पौष महिना, म्हशाची जत्रा भरलेली. नोटरीच्या कागदासाठी निघालेली बाई खांबलिंगेश्वराच्या जत्रेत पोचली. एसटी गावाबाहेरच थांबली. पुढे पायी. बैलांच्या रांगा लागलेल्या, शिंगांना रंग, गळ्यात नवी घुंगरं, आणि धूळ अशी की माणूस बोलला की दात खरखरतात. दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदे करत होते. मला त्यांचा हेवा वाटला. एवढा मोठा बैल विकला जातो आणि कोणी विचारत नाही की बैलाची आई कोण.

काही लोक देवाला नवस फेडायला चाललेले, काही पाळण्यात बसून किंचाळत होते. मी देवळाकडे दुरूनच हात जोडले. रांगेत उभं राहायला वेळ नव्हता आणि देव समजून घेईल असं गृहीत धरलं. वकील समजून घेत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे रांग लावावी लागते.

घोंगड्यांच्या बाजारात काशीवहिनी सापडली. एका घोंगडीला नाक लावून वास घेत होती.

"ही लोकर नाय रे," ती दुकानदाराला म्हणत होती. "यात काय तरी भेसळ हाय."

"वहिनी," मी हाक मारली.

तिने वर बघितलं. डोळ्यांवर हात धरला. "कोन गो?"

"वळखलं नाय?"

"वळखलं. पन तुजा भाऊ गेल्यापासून तू उंबरा चढली नाय, म्हनून वाटलं चांगूचं भूत आलं."

"भूतच हाय. शापूरच्या वकिलानं मला मयत केलंय."

ती हसली, मग मी सगळं सांगितलं तशी तिने हातातली घोंगडी खाली ठेवली. भरतचा पाय गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "पन मी अंगठा लावनार नाय."

"का?"

"पोरानं बजावलंय. वकिलासमोर अंगठा लावायचा नाय. आमच्या शेजारच्या म्हातारीनं लावला, तर तिच्या माळावर आता मुंबैवाल्याचा बंगला हाय."

तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन आला. कोणीतरी त्याला सांगितलंच असणार, जत्रेत बातमी बैलापेक्षा लवकर पळते. फोन कानापासून लांब धरला तरी त्याचा आवाज मला ऐकू येत होता. आत्या इतक्या वर्षांनी येते आणि सरळ वकिलाकडे नेते, याचा अर्थ काय? सुमन म्हणजेच चांगुणा असं तू लिहून दिलंस की ती आजोबांच्या जमिनीत वारस झाली. उद्या हिस्सा मागेल!

पोरगा मूर्ख नाही. मला हे सुचलंही नव्हतं, पण कायद्याने त्याचं खरं होतं.

काशीवहिनीने बोलता बोलता फोन घोंगडीवाल्याच्या हातात दिला. "हा धर जरा. बोलत बस त्याच्याशी." मग माझ्याकडे वळली. "मागशील जमीन?"

"मागितली तर देशील?"

"नाय."

"मग इचारतेस कशाला?"

ती थोडा वेळ घोंगडीचे धागे ओढत बसली. मग म्हणाली, "भरत माज्या मांडीवर झाला. सुईन यायच्या आधी. तुजा बा दारात उभा राहून नुसता इड्या ओढत होता." तिने पदर झटकला. "पोराला आनायला अंगठा लागतो तर लावते. पन आधी मला घोंगडी घेऊ दे."

घोंगडी घ्यायला तिला भरत व्हायला लागला होता त्याहून जास्त वेळ लागला.

रात्री माहेरी राहिले. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं कालवण. माहेरी वालात गूळ घालतात, आमच्याकडे किन्हवलीला असं कोणी केलं तर ताट पुढे सरकवतील. मी गपचूप खाल्लं आणि मागून घेतलं. आळीतल्या म्हाताऱ्या बायका येऊन बसल्या. चांगू, केस पिकले गो तुझे. चांगू, दात आहेत का? चांगू, तुला आठवतं, मास्तरांच्या छत्रीत बेडूक टाकला होतास? चौथीपर्यंत मी तिथेच शिकले. झोपेपर्यंत कोणी मला सुमन म्हटलं नाही.

मुरबाड

वकिलाला भरतच्या जन्माचा दाखला नव्या, छापील नमुन्यात हवा होता. जुना हाताने लिहिलेला चालत नव्हता. म्हणून सकाळी काशीवहिनीला घेऊन मुरबाडच्या कचेरीत गेले. खुर्चीवर रुमाल टाकलेला, माणूस नाही.

"साहेब कुठं गेले?"

"येतील," शिपाई म्हणाला.

"कुठं गेले ते इचारलं."

"जत्रेला."

आम्ही बाकावर बसलो. काशीवहिनीने नवी घोंगडी पांघरली आणि त्यातून फक्त डोळे बाहेर ठेवले. येणारा-जाणारा तिलाच काहीतरी विचारायचा, सगळ्यांना वाटायचं की ही इथलीच. जेवणवेळ उलटल्यावर साहेब आले, हातात जिलेबीचा पुडा. त्यांनी यंत्रावर नाव शोधलं, मिळालं, दाखला छापला. या कामाला जिलेबी थंड व्हायला लागते तेवढाही वेळ गेला नाही. सकाळपासूनचा वेळ कशाला गेला, ते देवाला माहीत. एक जिलेबी त्यांनी वहिनीला दिली. तिने घेतली. मी घेतली नाही, माझा राग अजून संपायचा होता.

पुन्हा शहापूर

दुसऱ्या दिवशी वकिलाकडे सगळे जमलो. काशीवहिनीने साक्ष दिली. वकील विचारत होता, ती सांगत होती.

"नाव बदललं ते तुम्ही पाहिलंत?"

"ताट मी धरलं होतं. नवऱ्याला अंगठी नीट धरता येत नव्हती, तांदूळ माज्या पायावर सांडलं."

"ते लिहायची गरज नाही."

"मग इचारतोस कशाला?"

तिने अंगठा लावला. मग जोसेफच्या नावाचं मुखत्यारपत्र समोर आलं, आणि मी ती सही केली, जी मी सुरुवातीला सांगितली.

का केली, तेही सांगते. लिहायला मी शाळेत शिकले, आणि तिथे लिहायला शिकले ते चांगुणा. सुमन ही सही मी फार उशिरा, बचत गटात, बायकांच्या घोळक्यात गिरवून शिकले. त्यात आदले दोन दिवस चांगू, चांगू ऐकलेलं. हाताने आपलं पहिलं नाव लिहिलं. वकील म्हणाला तशी मी वेडी झाले नव्हते.

"दुसरा स्टॅम्प पेपर आना," मी म्हटलं.

"कुठून? स्टॅम्पवाला म्हशाला गेलाय!"

बाहेरून एजंटाने हॉर्न वाजवला. भरत खाटेवर पेन धरून नुसता बसतो, असं जोसेफ म्हणाला होता. आणि इथे मी पेन धरून भलतंच लिहून बसले होते.

"काय झालं?" बाळारामने विचारलं. कोणी सांगितलं नाही.

वकील बराच वेळ कागद वाचत राहिला. ओठ हलवत, वरपासून. मग म्हणाला, "मजकुरात मी 'सुमन ऊर्फ चांगुणा' टाकलंय." पुन्हा वाचलं. "शेजारी सुमन लिहा. नीट लिहा. दोन्ही सह्या माझ्यासमोर झाल्या असं मी खाली टाकतो. पण मंत्रालयातून परत आला तर माझ्याकडे रडत येऊ नका."

"रडत येनार नाय. भांडत येईन."

मी लिहिलं. सु, मग म, मग न. एवढी अक्षरं लिहायला एवढा घाम मला लावणीतही येत नाही. त्याने शिक्का मारला. शिक्का इतका जोरात मारला की बाळारामलाही ऐकू गेला.

मुंबई

कागद एजंटाबरोबर एकटा पाठवायला माझा जीव होईना, म्हणून मी बरोबर गेले. मुंबईच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, तो सगळ्यांनी केलेला असतो.

मंत्रालयाच्या खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी कागद घेतला, शेवटचं पान उघडलं, नोटरीची सही आणि शिक्का आपल्याकडच्या नमुन्याशी ताडून बघितला आणि कागद आत सरकवला.

मला राहवलं नाही. "बाई, माझ्या सह्या बघितल्या नाय?"

"तुमच्या सहीशी आमचा संबंध नाही, आजी. नोटरीची सही खरी आहे का, एवढंच आम्ही बघतो."

"पुढचा साहेब बघंल?"

"तो आमची सही बघेल."

"आनि वकिलातवाला?"

"तो त्यांची."

"मग माझी कोन बघतो?"

"ती नोटरीने बघितली ना," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हात केला.

म्हणजे मी चांगुणा लिहिलं काय, सुमन लिहिलं काय आणि कोंबडीचा पाय काढला काय. प्रत्येक जण आपल्या मागच्याची सही बघतो. आईला बघत नाही कोणी. आणि यासाठी मी एका म्हातारीला जत्रेतून उठवून आणली होती. मी खाली येऊन फुटपाथवर बसले आणि एजंटाला चहा आणायला पाठवला. चहा पाणचट होता. मी त्यालाही बोलले.

घर

सुट्ट्या संपल्यावर बाकीचे शिक्के झाले आणि कागद कुवेतला गेला. जोसेफच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोचला. तिथेही कोणी काही विचारलं नाही.

विमानतळावर मी जोसेफला पहिल्यांदा पाहिलं. बुटका, टक्कल पडलेला माणूस, चाकाच्या खुर्चीमागे उभा. खुर्चीत भरत होता. अर्धा झाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "किती काळी पडलीस." इतक्या आठवड्यांनी तो बोलला तो हे. मी म्हटलं, "तुज्यासाठी म्हशाच्या उन्हात फिरली ना." जोसेफला मराठी कळत नव्हतं, तरी तो रडायला लागला. त्याला पुढचं विमान पकडायचं होतं, म्हणून मी त्याला आटपतं घ्यायला लावलं.

काशीवहिनी शिमग्याच्या आधी गेली. तापाचं निमित्त झालं. दहाव्याला गेले तेव्हा तिचं प्रेत घोंगडीत गुंडाळून नेल्याचं बायकांनी सांगितलं. घोंगडीत भेसळ होती की नव्हती, याचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही म्हणे.

नंतर एक दिवस तिचा मुलगा आमच्याकडे आला. चहा घेतला, भरतची चौकशी केली आणि पिशवीतून कागद काढला. हक्कसोड. आजोबांच्या जमिनीतला हिस्सा मी सोडते, असं चांगुणाने लिहून द्यायचं होतं. जमीन मी कधी मागितली नव्हती, मागणारही नव्हते. पण आईचं वर्ष व्हायच्या आत कागद घेऊन दारात आलेल्या माणसाला सही द्यावी, असं मला वाटलं नाही.

"कोनाची सही पायजे?" मी विचारलं.

"चांगुणाची."

"ती मयत हाय रे," मी म्हटलं. "रेशनकार्डावर बघ."

तो कागद घडी करून गेला. भरत ओट्यावर बसून ऐकत होता. त्याने कुबडीने दार लोटून घेतलं.

काशीवहिनी गेली. भरत जगला. मी पण आहे.